घराची नाकपुडी

माणसाची जीभ बांधून ठेवली की त्याचे हात सुटतात. शिडवाल्यांचं तसंच झालं. चार शब्दांत सांगून मोकळं होण्यासारखी गोष्ट, पण शपथ आडवी आली आणि त्यापायी दोन घरं पाण्यात उभी राहिली. मात्र देव मोठा गमत्या आहे. तो माणसाच्या चुकीतूनही आपलं काम करून घेतो, आणि वर माणसालाच शाबासकी मिळू देतो.

शिडवाले म्हणजे गलबतांची शिडं शिवणारे. गलबतं कधीच गेली, होड्यांना इंजिनं आली, आणि शिडवाले दुकानांच्या दारांवरची कापडी छपरं, होड्यांवर घालायची आवरणं असलं शिवू लागले. पण आजोबांपासूनचं नाव काही बदललं नाही. तळहाताला चामड्याची पट्टी बांधायची, दाभणात मेण लावलेला दोरा ओवायचा आणि देवाचं नाव घेत टाका घालायचा. नाव घेऊन घातलेला टाका उसवत नाही, असं वडील सांगायचे. शिडवाले ते पाळत आले, आणि खरंच फारसं काही उसवलं नव्हतं.

घर जुन्या बंदरावरचं. समुद्राला पाठ टेकून आणि गल्लीकडे तोंड करून बसलेल्या घरांच्या ओळीतलं. ती ओळ मुळात एकच लांबलचक वखार होती. व्यापार उठला, वखार ओस पडली, मग कुणीतरी मध्ये आडव्या भिंती घालून तिची घरं केली. त्यामुळे ह्या घरात खिळा ठोकला की त्या घरातला आरसा हलायचा, आणि त्या घरात कुणी शिंकलं तर ह्या घरातून 'जपा हो' असं उत्तर जायचं.

शिडवाल्यांचा तळमजला म्हणजे एकच मोठी खोली, अख्खं शीड पसरता येईल एवढी. तिची दगडी फरशी गल्लीच्या दारापासून समुद्राकडच्या भिंतीपर्यंत किंचित उतरती होती. हातातून दोऱ्याचं रीळ पडलं की ते घरंगळत थेट मागे जायचं. त्या मागच्या भिंतीच्या बुडाशी एक भोक होतं, आतून रुंद, बाहेर अरुंद. गल्लीत त्याला नाकपुडी म्हणायचे. मोठं उधाण आलं आणि वाराही समुद्राचाच असला की पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढून गल्लीत यायचं, दारांखालून घरात शिरायचं, घोटाभर उभं राहायचं, आणि ओहोटी लागली की आपलं आपण नाकपुडीतून निघून जायचं. त्याला अडवायला कुणी जात नसे. पाहुणा आहे, पाय धुऊन जाईल, असं म्हणायची पद्धत.

शेजारच्या घराला मात्र नाकपुडी नव्हती. तिथे आक्का राहायच्या. त्या घड्याळं दुरुस्त करायच्या. भिंत घालणाऱ्या गवंड्याने त्यांच्यासाठी मधल्या भिंतीत, अगदी जमिनीलगत, एक झरोका ठेवला होता. आक्कांकडचं पाणी त्यातून शिडवाल्यांच्या खोलीत यायचं आणि तिथून समुद्रात. पाणी नसेल तेव्हा त्याच झरोक्यातून दोन्ही घरांच्या गप्पा चालायच्या.

तर अशा ह्या घरात एक दिवस प्रश्न येऊन बसला.

शिडवाल्यांचा एकुलता एक लेक आतल्या गावी नोकरीला होता. त्याची बदली बंदराच्या कचेरीत झाली. लग्न नुकतंच झालेलं. आता राहायचं कुठे? वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. आणि टेकडीवर नवी वसाहत झाली होती, तिथे लिफ्ट होती, रुंद रस्ते होते, दारात गाडी उभी राहत होती.

"मला कुठेही झोप लागते," लेक म्हणाला. "पण ती घरून काम करते. तिनेच ठरवायचं. आठवडाभर इथे राहून बघू. आणि बाबा, आत्ताच सांगून ठेवतो. आम्ही टेकडीवर गेलो तर तुम्ही दोघांनीही तिकडेच यायचं. आईचे गुडघे बघितलेत का? तुम्हाला इथे एकटं ठेवून मला तिथे चैन पडणार नाही."

लेक प्रेमाने बोलला, आणि प्रेमाने बोललेल्याला उत्तर देता येत नाही. शिडवाले मान हलवून खाली आले, लांब खोलीत उभे राहिले. टेकडीवरच्या कुठल्या घरात अख्खं शीड पसरता येतं? पहाटे मागचं दार उघडलं की समोर देवाने मांडून ठेवलेला एवढा मोठा समुद्र, त्याला हात जोडायचे आणि मग चहा घ्यायचा. लिफ्टला हात जोडायचे की काय?

सूनबाई यायच्या आदल्या दिवशी बायकोने त्यांना देवासमोर उभं केलं.

"आठवडाभर तोंड मिटून राहायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे घराचं, गल्लीचं, समुद्राचं कौतुक करायचं नाही. तुम्ही बोलायला लागलात की समोरचा माणूस सुटका करून घ्यायला हो म्हणतो. मीही तशीच हो म्हणाले होते."

"तू घर बघून हो म्हणालीस."

"घर बघायला तुम्ही वेळ कुठे दिलात? दारापासून जिन्यापर्यंत तीन पिढ्या सांगून झाल्या होत्या. ती पोर भिडस्त असेल. सासरे एवढं सांगतायत म्हणून होकार देईल, आणि मग जन्मभर कुढेल. तिला तिचं ठरवू द्या. म्हणा, देवाशपथ काही बोलणार नाही."

शिडवाल्यांनी देवाकडे बघितलं. देवाने काही मदत केली नाही. त्यांनी शपथ घेतली.

सूनबाई आली ती दोन पेट्या आणि एक पोतं घेऊन. ती कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर माणसांच्या तोंडाचे ठसे पाठवायचे, ती त्यात पांढरी पावडर कालवून ओतायची, साचे काढायची आणि त्यावर दात बसवायची. हातातलं काम अर्धवट होतं म्हणून सगळा संसार बरोबर आणला होता.

"बाबा, तुम्हाला काही लागलं तर सांगा हं," ती पाया पडून उठता उठता म्हणाली. "घरच्यांना पहिला जबडा फुकट."

शिडवाल्यांना ती तिथेच आवडली. आवडली म्हणूनच पंचाईत. वरच्या खोलीत जाऊन ती खिडकीपाशी उभी राहिली. हातात दातांच्या रंगांची पट्टी होती, पिवळसर, करडे, दुधी असे नमुन्याचे दात ओळीने लावलेले. ती एकेक दात उजेडात धरून बघत होती. शिडवाल्यांच्या ओठांवर आलं, की अगं, ह्या खिडकीला समुद्रावरून परतलेला उजेड येतो, त्याला सावली म्हणून नसते, माझे वडील रंगीत कापड पारखायला इथेच आणायचे. पण शपथ. शब्द घशात अडकला आणि त्यांना ठसका लागला.

"खोकला झालाय त्यांना," बायको शांतपणे म्हणाली. "आठवडाभर राहील."

बोलता येत नाही म्हटल्यावर शिडवाले कामाला लागले. घराची बाजू मांडता येत नसेल तर निदान खोड्या तरी झाकाव्यात. वाऱ्यात खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत त्यांनी कागदाच्या घड्या ठोकल्या. करकरणाऱ्या जिन्याला मेण चोळलं. खाऱ्या हवेने फुगलेली दारं रंधून सारखी केली. मग मधल्या भिंतीशी उकिडवे बसून झरोक्याशी तोंड नेलं.

"आक्का, एक काम होतं."

"मोठ्याने बोल."

"हळूच बोलायचंय."

"मग पत्र लिही." आक्का वयाने मोठ्या, शिडवाल्यांना त्यांनी लहानपणी कडेवर घेतलेलं. त्यांच्या लेखी ते अजून कडेवरच होते.

"तुमची घड्याळं आठवडाभर वाजली नाहीत तर?"

"वाजली नाहीत तर मग मी दुरुस्त काय केलं?"

"सूनबाईला त्रास होईल."

"ती म्हणाली?"

"नाही. पण म्हणेल."

"न झालेल्या दुखण्याला औषध देतोयस रे शिडवाल्या. बरं, घालते कापूस. पण ही तुझी बुद्धी नव्हे. तुझ्या बुद्धीला मी ओळखते, ती एवढी लांब चालत नाही."

दोन दिवस गल्लीत दुपारचे बारा वाजलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना सूनबाई म्हणाली, "बाबा, हे मला सांगायचे, शेजारी आक्कांकडे बारा वाजायला लागले की वाजतच राहतात, एक घड्याळ थांबलं की दुसरं, माणसाला कितीही उशीर झाला तरी एखादं त्याच्या बाजूचं असतं. मी दोन दिवस कान लावून बसले. एकही नाही वाजलं."

शिडवाल्यांना ठसका लागला. बायकोने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी पाणी पिऊन पेला उपडा ठेवला.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण त्याच संध्याकाळी खेकडा आला.

खेकडा काही मोठा नव्हता. नाकपुडीतून अधूनमधून असा एखादा यायचा, खोलीत फेरी मारायचा आणि परत जायचा. हा नेमका जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढला, आणि साच्यांचं ताट घेऊन उतरणारी सूनबाई त्याला बघून दोन पायऱ्या मागे सरली.

"अगं बाई. हा कुठून आला?"

"येतो कुठूनतरी," शिडवाले म्हणाले. एवढं बोलायला शपथेची हरकत नव्हती.

तिने ताट खाली ठेवलं आणि खेकडा कुठे जातो ते वाकून बघत राहिली. शिडवाल्यांना तिचं मागे सरणं दिसलं, वाकून बघणं दिसलं नाही. भीती मनात असली की डोळे तिच्याच बाजूने साक्ष देतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूसुना बाजारात गेल्या. शिडवाल्यांनी जिन्याखालचं पोतं उघडलं. पांढरी पावडर, म्हणजे भिंतीला लावतात तसलंच काहीतरी असणार. चार मुठी घेतल्या तर कुणाला कळतंय. आठवड्यापुरतंच तर बुजवायचं, मुलं परत गेली की फोडून काढू. त्यांनी नाकपुडीच्या बाहेरच्या तोंडाला चिंधीचा बोळा कोंबला. मग, कापडाच्या शिवणीला चोळायची सवयच, म्हणून भोकाला आतून सगळीकडे वितळलेलं मेण फासलं, पाणी झिरपायला नको. आणि वरून कालवलेली पावडर ओतली. ती बघता बघता दगडासारखी घट्ट झाली. शिडवाल्यांनी तिच्यावर कापडाचा गठ्ठा सरकवला. उधाणाचा विचार आला नाही असं नाही. पण अमावस्येला दर वेळी पाणी येत नाही, समुद्रावरचा वारा लागतो, आणि ह्या दिवसांत वारा जमिनीवरचा असतो. एवढा हिशेब करून ते हात धुवायला गेले.

त्या रात्री त्यांना झोप नीट लागली नाही. खोलीला रोज एक बारीक आवाज असायचा, लाट आली की नाकपुडीतून श्वास आत आणि लाट गेली की बाहेर. जन्मापासून ऐकलेला, त्यामुळे कधी ऐकलाच नव्हता. आता तो नव्हता, तेव्हा ऐकू आला.

अमावस्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं निघणार आणि जाताना ठरलेलं सांगणार. वारा मात्र पहाटे फिरला.

"पाणी येतंय," बायको जिन्यातून म्हणाली, दूधवाला आलाय म्हणावं तशा आवाजात. "खालचं वर घ्या."

मग घराने आपलं जुनं कसब दाखवलं. वखारीच्या काळातल्या कप्प्या अजून तुळयांना होत्या. कापडांचे गठ्ठे, शिवणयंत्र, पाट्या, सगळ्याला दोर लावला आणि ओढलं की सामान छताखाली जाऊन लटकायचं. सूनबाई मध्येच येऊन उभी राहिली.

"मी ओढू?"

"ओढ की," लेक म्हणाला. "हाताला फोड आला तर मात्र माहेरी सांगू नकोस."

तिने दोर ओढला. शिवणयंत्र जमिनीवरून उठलं आणि डुलत डुलत वर गेलं. ती तोंड वर करून बघत राहिली. यंत्राच्या मागून एक गठ्ठाही वर गेला, नाकपुडीवर ठेवलेला तोच. पण तोवर दारांखालून पाणी आत आलं होतं, पातळ चादर ओढल्यासारखं, कडेला फेसाची झालर, आणि त्याखाली काय आहे ते कुणाला दिसलं नाही. शिडवाल्यांना न बघताही दिसत होतं.

गल्लीत घोटाभर पाणी झालं. कुणी खुर्च्या खिडकीत अडकवत होतं, कुणी पायजमा वर खोचून उगाच फिरत होतं. बेकरीवाला डोक्यावर पाटी घेऊन पाण्यातून चालत आला आणि खिडक्यांतून गरम पाव देत गेला. पाणी आलं की पाव घरपोच, हा त्याचा नियम. त्या दिवशी त्याच्या दुकानापर्यंत यायचं कुणी, हा त्याचा सवाल.

"नव्या सूनबाईंना दोन," तो म्हणाला. "एक खायला आणि एक पाण्यात पडायला. पहिल्या वेळी सगळ्यांचा पडतो."

सूनबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडून पाव खाऊ लागली. तिचा पाव काही पडला नाही. दारातून येणारा उजेड पाण्यावर पडून छतावर नाचत होता आणि वर टांगलेलं शिवणयंत्र त्यात तरंगल्यासारखं दिसत होतं.

"आई, दर वेळी असं होतं?"

"वर्षातून दोन-तीनदा. फरशी स्वच्छ होते. मी त्या महिन्यात पुसत नाही."

"आणि मग पाणी काढायचं कसं?"

"काढायचं कशाला? आपलं जातं."

शिडवाले दाराच्या चौकटीला धरून उभे होते. सून हसत होती, बायको निवांत होती, लेक बेकरीवाल्याशी बोलत होता. आणि ह्या सगळ्या सुखाच्या तळाशी एक पांढरी गुठळी बसली आहे हे एका त्यांनाच माहीत होतं. देवा, ही एवढी ओहोटी चुकव, असं म्हणायचं त्यांच्या मनात आलं. पण असलं मागणं कुठल्या तोंडाने मागायचं?

ओहोटी लागली. गल्लीतलं पाणी धक्क्याकडे मागे सरलं, दगडांच्या कडा वर आल्या. समोरच्या घरात कुणी झाडू मारायला लागलं. शिडवाल्यांच्या खोलीतलं पाणी मात्र होतं तिथेच. हलेना की डुलेना. दारापाशी थोडं कोरडं झालं, पण मागच्या भिंतीशी नडगीपर्यंत साठलं आणि बसलं. मागच्या दाराचा उंबरा गुडघाभर उंच, त्यावरून जायचा सवालच नव्हता.

झरोक्यातून आवाज आला. "अरे शिडवाल्या, माझं पाणी का थांबलंय?"

लेकाने वाकून झरोक्यात बघितलं.

"शिडवाल्या, माझ्या खालच्या कपाटात लोकांची घड्याळं आहेत. पाणी पाहुणं ना रे? मग मुक्कामाला का बसलंय?"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. सूनबाईनेही बघितलं. "बाबा, बरं नाही का वाटत?"

शिडवाल्यांना ठसका लागला नाही. शपथ कौतुक न करण्याची होती, कबुली न देण्याची नव्हती.

"मी बुजवलं," ते म्हणाले. "नाकपुडी. तू खेकड्याला भ्यालीस म्हणून. घड्याळंही मीच बंद करायला लावली. खिडकीत कागद मी घातले. तुला इथे काही खुपू नये एवढंच मनात होतं. आणि पावडर तुझ्या पोत्यातली घेतली, न विचारता."

सूनबाई हळूच म्हणाली, "माझ्या पोत्यातली? पांढरी की पिवळी?"

"पांढरी."

"किती वेळ झाला?"

"तीन दिवस."

तिने लेकाकडे बघितलं. "ती पावडर दगड होते. माणसाने चावलं तरी तुटत नाही, त्यासाठीच असते." शिडवाल्यांचा चेहरा पडला. "भोकाला आधी काही लावलं होतं का, बाबा?"

"मेण. सगळीकडे. सवयीने."

"मेण?" आता ती हसली. "अहो बाबा, मग तुम्ही बुजवलं नाही. तुम्ही साचा ओतलाय. आम्ही मेण लावतो ते साचा सुटून यावा म्हणून. आत रुंद आहे ना? मग बाहेरून ठोकलं की आत येईल."

तिने वरून लाकडी हातोडी आणि एक गोल दांडा आणला, ओढणी कमरेला बांधली आणि मागच्या दाराचा उंबरा ओलांडून समुद्राच्या पायऱ्यांवर उतरली. लेक तिचा हात धरून उभा राहिला. शिडवाले पाठोपाठ गेले. ओल्या पायरीवर गुडघे टेकून तिने चिंधीचा बोळा उपसून काढला, भोकात दांडा धरला आणि ठोकायला सुरुवात केली. जोरात नाही. एखाद्याच्या दारावर अदबीने थाप मारावी तशी. मध्येच थांबायची, कान लावायची, पुन्हा दुसऱ्या कडेला थाप. शिडवाले तिच्या हाताकडे बघत होते. टाका घालतानाचा हात तसाच असतो.

"आई, आत बघा, हललं का?"

"हललं गं. बुडबुडा आला."

आणखी चार थापा. आतून गळ्यातलं काही सुटल्यासारखा आवाज झाला, आणि नाकपुडीने श्वास सोडला. पाणी असं धावत निघालं की लेकाने सूनबाईला बाजूला ओढलं. तरी ती दोन्ही पाय भिजवून तिथेच उभी राहिली. पलीकडून आक्कांचा आवाज आला, "चाललं, चाललं," आणि मग, "ह्याला म्हणतात दुरुस्ती."

फरशी रिकामी झाली तेव्हा भिंतीशी तो पांढरा तुकडा पडलेला होता. अखंड. सूनबाईने तो दोन्ही हातांनी उचलला, तान्हं मूल उचलावं तसा, आणि वर घेऊन गेली. सगळे मागोमाग गेले. तिने तो खिडकीच्या कट्ट्यावर, त्या सावली नसलेल्या उजेडात ठेवला.

भोकाच्या आत कुणी कधी बघितलंच नव्हतं. ते आता बाहेर येऊन बसलं होतं. वरच्या अंगाला छिन्नीचे घाव, तिरपे, एकाआड एक, आणि एका कडेला तेच घाव उलट्या बाजूने तिरपे.

"इथे माणूस बदलला," सूनबाई बोट फिरवत म्हणाली. "हा दुसरा डावखुरा होता. मी रोज दातांवर हेच बघते, कोण कुठल्या बाजूने चावतं ते."

आणि खालच्या अंगाला घाव नव्हतेच. तिथे दगड पाण्याने झिजून जिभेसारखा गुळगुळीत झाला होता, आणि त्यात एक उथळ पन्हळ पडली होती, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. किती माणसांनी पाय उचलून, खुर्च्या टांगून हे पाणी जाऊ दिलं असेल तेव्हा एवढी पन्हळ पडली. शिडवाल्यांच्या तीन पिढ्या त्यात कुठेतरी केसभर असतील. त्यांना वाटलं, आपण ह्या घराचं केवढं वर्णन करत आलो, आणि घराने स्वतः कधी तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं तर ते आपण बुजवल्यामुळे.

कट्ट्यावरच्या फटीतून वारा आला आणि कागदाची घडी खाली पडली. खिडकी खडखडली.

"हे पण काढा सगळं," सूनबाई म्हणाली. "मला वाटायचं ह्यांनी लहानपणाच्या गोष्टी मला मीठमसाला लावून सांगितल्या. खिडकी खडखडते, घड्याळं भांडतात, खेकडा घरात येतो. आठवडाभर बघतेय, एकही खरं निघेना. म्हटलं, नवरा थापाड्या निघाला."

"मग त्या दिवशी खेकड्याला..."

"दचकले. तुम्ही नाही का दचकत? मग मी त्याच्या मागे गेले, तर तो भिंतीत गायब. दुसऱ्या दिवशी शोधायला गेले तर भिंतीला भोकच नाही. मला वाटलं, मलाच भास झाला."

"आणि ओल? तुझ्या पावडरीला ही हवा..."

"ती पोत्यातून काढून डब्यात घट्ट झाकून ठेवायची असते, बाबा. कुठल्याही गावात." ती खिडकीकडे वळली आणि रंगांची पट्टी उचलून बाहेर धरली. "फक्त एक आहे. दुपारी उतरतं ऊन थेट इथे येतं, तेवढा तासभर दाताचा रंग पिवळा दिसतो. ह्या खिडकीवर एक छप्पर शिवून द्याल? पांढऱ्या कापडाचं. रंगीत नको, त्याची झाक पडते. आणि पक्कं शिवा, मला दरवर्षी सांगायला लावू नका."

लेकाने आईकडे बघितलं, आईने देवाकडे.

"दरवर्षी म्हणजे?" लेकाने विचारलं. "टेकडीवर नाही जायचं?"

"टेकडीवर लोकांना दात नसतात का? ते येतील खाली. तुम्हीच म्हणालात ना, कुठेही झोप लागते."

तेवढ्यात शेजारी आक्कांनी कापूस काढला असावा. कपाटातल्या घड्याळांना काही झालं नव्हतं हे त्यांनी तसंच कळवलं. एक घड्याळ घसा खाकरून बारा वाजवू लागलं, ते संपतं न संपतं तोच दुसरं, मग एक किनऱ्या आवाजाचं, मग एक असं, की जे मध्येच थांबून विचार करतं आणि पुन्हा सुरू होतं. सूनबाई डोळे मिटून ऐकत होती.

"सुटली हो तुमची शपथ," बायको म्हणाली. "आता बोला काय बोलायचं ते. मी खाली जाऊन चहा टाकते, तुम्हाला वेळ लागेल."

शिडवाले खिडकीशी उभे राहिले. तीन पिढ्या, समुद्र, उजेड, वडिलांचं रंगीत कापड, सगळं गळ्यापर्यंत आलं. समोर समुद्र मागे सरून ओल्या दगडांवर चमकत होता, आणि खाली लांब खोलीत नाकपुडी पुन्हा श्वास घेत होती, आत, बाहेर. त्यांनी तिकडे बघून हात जोडले.

"जरा बाजूला हो गं पोरी," ते म्हणाले. "खिडकीचं माप घेऊ दे."